नंबर पडलेला कागद

‘आवक नंबर काय म्हणालीस?’ नानांनी पुन्हा विचारलं.

साधना पर्समध्ये चष्मा शोधत होती. ‘चारशे सतरा.’

नानांनी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे आकडा लिहिला आणि पान घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं ते स्टोअरकीपर होते. तिथून नंबराशिवाय एक बोल्टसुद्धा बाहेर पडत नसे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी त्यांचा भरवसा नंबरावरच होता.

‘नंबर पडलेला कागद हरवत नाही,’ ते म्हणाले. ‘कुणीतरी दाबून ठेवतं, एवढंच.’

‘नाना, गोळी घ्या.’

‘घेतो गं. दोन वर्षं पुण्याला गेलीस की सुटेन एकदाचा. बिनमिठाची भाजी बंद, लोणच्याची बरणी उघडी.’

‘म्हणून घाई आहे होय तुम्हाला?’

‘मग? तुला काय वाटलं, पीएच.डी.साठी?’

साधना हसली. गोळी तिने स्वतःच त्यांच्या तळहातावर ठेवली आणि ते पाणी पिईपर्यंत समोर उभी राहिली.

ती कॉलेजात भूगोल शिकवायची. प्राध्यापकांना संशोधनासाठी दोन वर्षांची पगारी अभ्यासरजा मिळायची, पण पंचेचाळिशीच्या आत. तिला चव्वेचाळिसावं लागलं होतं. पुण्याचे मार्गदर्शक तयार होते. विषयही ठरला होता: इगतपुरीकडची धरणं आणि त्यांच्यासाठी उठलेली गावं. तीन वर्षं नाना रोज एकच विचारत, रजेचं काय झालं?

आई गेल्यापासून घरात दोघंच होती. मागच्या दिवाळीत ती दोन दिवस पुण्याला गेली, तेव्हा नाना मोरीत पडले होते. शेजारच्या मंगलाबाईंना ते तीन तासांनी कळलं. त्यानंतर डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि मीठ, तंबाखू आणि जिने बंद केले.

‘फाइल संस्थेच्या ऑफिसातच आहे ना अजून?’ ती चप्पल घालत असताना नानांनी विचारलं.

‘हो. तिसऱ्या मजल्यावर. आणि तिथे लिफ्ट नाही, त्यामुळे तुम्ही मनातसुद्धा आणायचं नाही.’

‘मी कशाला जातोय? भाजी आणायला तरी जाऊ देशील ना?’

‘कोपऱ्यापर्यंत.’

‘बरं, हेडमास्तरीणबाई.’

पावणेबाराला स्टाफरूममध्ये फोन आला. ती पोचली तेव्हा संस्थेच्या कार्यालयातल्या बाकावर नानांना आडवं केलेलं होतं. पायांत चपला तशाच होत्या. उशाशी भाजीची रिकामी पिशवी होती.

काय घडलं, ते आवक-जावक सांभाळणाऱ्या वाल्मीककडून कळलं. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. तो तिच्याशी बोलताना उभाच राहिला.

‘बाबा वर आले तेव्हाच दमलेले होते मॅडम. म्हणाले, चारशे सतरा बघा. मी रजिस्टर काढलं. चारशे सतराला पेठकडच्या शाळेच्या बाकांचं पत्र होतं. म्हणाले, मागच्या वर्षीचं बघा. तेही बघितलं. तीन वर्षांची रजिस्टरं काढली. शेवटी त्यांनी स्वतःच पान न् पान बोटाने तपासलं. रागावले नाहीत. म्हणाले, लेका, तुझं रजिस्टर चुकलंय, माझी मुलगी नाही. मग पाणी मागितलं.’

त्याने बाकाकडे बघितलं. ‘मी पाणी घेऊन आलो तोवर…’

साधनाने मान हलवली. ती काहीच बोलली नाही.

बाकीचे मात्र बोलले. तिचा चुलतभाऊ दीपक निफाडहून माणसं घेऊन आला आणि त्याने कार्यालयात दारं आपटली. बाईमाणसाची फाइल दडपली, म्हाताऱ्याला तीन जिने चढायला लावले. बातमी स्थानिक पेपरात आली. आठव्या दिवशी संस्थेने वाल्मीकला निलंबित केलं. कागद गहाळ केल्याबद्दल.

दहाव्याला सगळे रामकुंडावर जमले. पिंड ठेवून अर्धा तास झाला तरी कावळा शिवेना. समोरच्या पायऱ्यांवर सात-आठ बसले होते, एकही पुढे येत नव्हता.

दीपकने हात जोडले. ‘नाना, निफाडच्या तुमच्या द्राक्षबागंची काळजी करू नका. मी हाय.’

कावळे जागचे हलले नाहीत.

‘ताई, तू बोल,’ दीपक म्हणाला. ‘त्यांचा जीव त्या रजंतच अडकलाय.’

प्राचार्य पुढे झाले. ‘मॅडम, अर्ज द्या. आठ दिवसांत मंजुरी आणतो, माझा शब्द आहे.’

‘आता शब्द देत्यात,’ दीपक पुटपुटला. ‘माणूस गेल्यावं.’

साधनाने हात जोडले. ‘नाना, मी पुण्याला जाईन.’

सगळे वर बघत राहिले. एका कावळ्याने पंख झाडले आणि पुन्हा मिटले.

मागे, विजेच्या खांबापाशी, वाल्मीक चपला हातात घेऊन उभा होता. दीपकचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

‘ए, तू मागं सर. तुझ्यामुळंच येत नसंल. जा इथनं.’

वाल्मीक दोन पावलं मागे गेला, मग पाठ फिरवून पायऱ्या चढू लागला.

‘वाल्मीक, थांबा,’ साधना म्हणाली.

ती पिंडाजवळ गेली. हात जोडायचे राहून गेले. शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा, वर्गात शिकवायच्या आवाजात ती बोलली.

‘नाना, मी अर्ज कधी दिलाच नव्हता. तुम्हाला जिने चढता येत नाहीत, म्हणून तिसरा मजला सांगितला होता.’