सेन्सॉरने वगळलेला तुकडा

“एवढंच सापडलं,” फिल्मचा तुकडा यंत्रावर चढवत संग्रहालयातला माणूस म्हणाला.

त्या जुन्या ब्रिटिश टीव्ही विज्ञानकथा-मालिकेच्या टेपा पुन्हा वापरण्यासाठी लंडनमध्येच पुसल्या गेल्या होत्या. परदेशी प्रक्षेपणासाठी धाडलेल्या फिल्मवरच्या प्रतीही दाखवून झाल्यावर जाळल्या गेल्या. मात्र एका दूरच्या बेटावरच्या सेन्सॉरने, मुलं घाबरतील असे प्रसंग आधीच कापून डब्यात ठेवले होते. जे कुणाला दाखवायचं नव्हतं, तेवढंच उरलं.

मृण्मयी वडिलांशेजारी बसली. आईने आयुष्यात एकच भूमिका केली, ती याच मालिकेत. आणि मृण्मयी तान्ही असतानाच ती गेली. तिचा आवाज मृण्मयी आज प्रथमच ऐकणार होती.

पडद्यावर यंत्रमानवाचा पंजा आला. चंदेरी पोशाखातली आई किंचाळली, कोसळली, निश्चल झाली.

“बाबा, असा होता तिचा आवाज?”

“छे गं! तुझी आई कसली किंचाळते! दर वेळी तिला हसू फुटायचं. शेवटी वैतागून त्यांनी दुसऱ्याच बाईचा आवाज घातला.”

मृण्मयीला काहीच वाटलं नाही. तिचं दुःखही त्या मालिकेसारखं कुठल्यातरी दूरच्या देशात दाखवलं जात असावं. आवाज बंद करून तुकडा पुन्हा लावायला तिने सांगितलं.

आई निःशब्द कोसळली.

“आता ओठ बघ,” बाबा म्हणाले. “मेल्यावरसुद्धा हसू दाबतेय.”

मृण्मयी बघत राहिली. तुकडा संपून पडदा पांढरा झाला, तेव्हा आपलेही ओठ तसेच घट्ट मिटलेले आहेत, हे तिला कळलं.