पाठमोरा पडदा

ओकलंडच्या रुग्णालयात, प्रसूतिकक्षातील खाटेवर, रोशेलच्या पोटावर रुंद पट्टा बांधून झाला तेव्हा तिच्या आत्याने, अर्नेस्टीनने, पहिला प्रश्न विचारला.

"आणि यातलं दिसणार कुणाला?"

"फक्त मला, मॅडम." संशोधक कर्स्टनने छोटा पडदा स्वतःकडे वळवून घेतला. सुई न टोचता, केवळ त्वचेतून प्रकाश सोडून, गर्भस्थ जीवाच्या रक्तातील प्राणवायू मोजणारे ते यंत्र अद्याप परीक्षेत होते. जन्मानंतर नाळेतील रक्ताशी पडताळा होईपर्यंत त्याचा आकडा कोणालाही, अगदी डॉक्टरांनाही, सांगायचा नाही, असा चाचणीचा नियम होता.

"म्हणजे बाळ गुदमरलं तरी तू गप्प बसणार?"

"मला सांगता येणार नाही, मॅडम. पण बाळाच्या ठोक्यांचं यंत्र आहे ना. डॉक्टरांचं लक्ष असतं त्याच्यावर."

"याआधी हे कुणावर करून पाहिलंत?"

"गाभण मेंढ्यांवर."

"पांढऱ्या?"

"हो. पांढऱ्याच."

"ऐकलंस ना गं?" अर्नेस्टीन भाचीकडे वळली. "आपल्या रंगाची एक मेंढी मिळाली नाही यांना."

"आत्या, हसवू नकोस ना, कळ येतेय," रोशेल म्हणाली. आणि खरोखरच कळ आली.

कळ ओसरली. ठोक्यांची रेघ पूर्वीसारखीच निश्चिंत चालत राहिली. पाठमोऱ्या पडद्यावरचा आकडा मात्र खाली उतरला तो वर आलाच नाही. पुढच्या कळेनंतर तो आणखी उतरला.

कर्स्टनने पट्टा किंचित सरकवला, घट्ट केला. गडद त्वचेतून प्रकाश पुरेसा जात नसेल; वृद्धेची शंका खरी असेल; यंत्रच खोटे बोलत असेल. असे मानणे सोपे होते, आणि सोपे होते म्हणूनच तिला त्या मानण्याचा संशय येऊ लागला.

"काय झालं?" अर्नेस्टीनने विचारले.

"मला सांगता येणार नाही, मॅडम."

"मघाशीही हेच म्हणालीस. पण तेव्हा माझ्याकडे बघून म्हणालीस." अर्नेस्टीन खुर्चीतून उठून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "अख्खा जन्म पत्ते खेळण्यात गेला माझा, पोरी. हातातली पानं छान झाकलीस. तोंड झाकायचं राहिलं."

रोशेलने डोळे उघडले. "आत्या, माझं बाळ बरं आहे ना?"

अर्नेस्टीनची दृष्टी कर्स्टनवरून ढळली नाही.

"बोलायची बंदी आहे ना तुला?" ती अगदी हळू म्हणाली. "मग नको बोलूस."

थोड्याच वेळात डॉक्टर धावत आत आल्या. "घंटा कुणी वाजवली? काय झालं?"

कर्स्टन एक शब्दही बोलली नाही. तिचा अंगठा खाटेजवळच्या घंटेच्या बटणावर अजून तसाच दाबलेला होता.