पहिल्या पानावरची नावं

मुखेडला एसटीतून उतरेपर्यंत विशाखानं मांडीवरची पिशवी हलवली नव्हती. आत एकच पुस्तक होतं, प्राण्यांच्या डोळ्यांवरचा जाडजूड ग्रंथ. पहिल्या पानावर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘व्यंकट शेळीवाले, मुखेड’.

बाबा, म्हणजे पंढरी, नांदेडला रेल्वेचे डबे झाडायचे. त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते. घरात चारशे बारा पुस्तकं होती. ताऱ्यांवरची, मातीवरची, जुन्या नाण्यांवरची, आणि कितीतरी कादंबऱ्या. लहानपणी ती पुस्तकांच्या त्या भिंतीपुढं आ वासून उभी राहायची. प्रत्येक पुस्तकावर कुणा परक्याचं नाव नि गाव. दर्यावर्दी माणसावरच्या एका कादंबरीवर ‘सरजाबाई, इस्लापूर’.

ही माणसं कोण, असं तिनं एकदा विचारलं होतं. ज्यांची पुस्तकं ती, एवढंच बाबा म्हणाले. तीच पुस्तकं वाचत ती मोठी झाली, लातूरच्या कॉलेजात शिकवू लागली. पण पुन्हा तिनं विचारलं नाही. तिनं मनाशी धरलं होतं, प्रवासी गाडीत पुस्तकं विसरत असणार. बाबांना मालक ठाऊक होते, तरी त्यांनी ती परत केली नसणार.

रविवारी बाबांचं पुण्यानुमोदन होतं. त्या दिवशी सगळी पुस्तकं बाबांच्या नावानं वाचनालयाला द्यायचं नातेवाइकांनी ठरवलं होतं. त्याआधी तिला खरं काय ते कळायला हवं होतं.

आठवडी बाजारात व्यंकट लगेच सापडले. गिऱ्हाईक शेळीचे दात तपासत होतं आणि सोयरिकीतसुद्धा कुणी एवढं बघत न्हाई, असं ते त्याला सुनावत होते.

तिनं पुस्तक पुढं केलं. मी पंढरींची मुलगी, ते गेले, तुमचं हे पुस्तक त्यांच्याकडं राहून गेलं, त्यांना माफ करा, असं तिनं खालमानेनं सांगितलं.

व्यंकट खालीच बसले. शेळीच्या पाठीवर हात फिरवू लागले.

“माय, म्या जन्मात पुस्तक इकत घेतलं न्हाई,” ते म्हणाले. मग त्यांनी शेळीची हनुवटी वर केली. “हिच्या डोळ्यात बघ बरं.”

विशाखा वाकली. पिवळ्या डोळ्यात एक काळी आडवी फट होती, पाटीवर रेघ ओढावी तशी. तो ग्रंथ तिनं दोनदा वाचला होता. शेळीचा डोळा इतक्या जवळून आजच बघत होती.

व्यंकटनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड होतं.

“शेळी घेणाऱ्या परत्येकाला दावतो म्या हे.”

अक्षर बाबांचं होतं.

‘सप्रेम जय भीम. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी का, असं तुम्ही फलाटावर विचारलं होतं. मला माहीत नव्हतं. पगार झाल्यावर पुस्तक आणलं, चार महिने वाचलं. चरताना मान खाली असली तरी तिला चौफेर दिसावं म्हणून ती आडवी. पुस्तक तुमच्या नावानं घरी ठेवलं आहे. आणखी काही अडलं तर विचारा.’