परवाचा भाग

“प्रणिता मर गई,” मधुमती म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर गोविंद पेपर वाचत बसला होता. तो दचकलाच. गेल्या वर्षभरात त्यांच्या घरात धडधाकट म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे प्रणिता. आणि ती तर खरी नव्हतीच. ती एका मराठी मालिकेची नायिका होती.

जयपूरच्या त्या डायलिसिस वॉर्डात मधुमती आठवड्यातून तीनदा यायची. शेजारच्या खाटेवर जवळच्याच चाकसू गावच्या केसरबाई असायच्या. चार तास दोघींचा एकेक हात मशीनला बांधलेला. मधुमती मोबाइलवर मालिका बघायची. बघता बघता एकदा रडली, तेव्हा केसरबाईंनी विचारलं, “क्या हुआ, बाईसा?” तिथून मालिकेची गोष्ट सांगायला सुरुवात झाली. बदलीच्या निमित्ताने जयपुरात येऊन तीस वर्षं झाली, तरी मधुमतीचं हिंदी भाजीवाल्यापुरतंच होतं. नायिकेचं दुःख त्यात मावायचं नाही. मग ती मधे मधे मराठी घालायची. केसरबाईंचं कुठेच अडलं नाही. प्रणिताच्या सासूला त्या तोंड भरून शिव्या द्यायच्या.

होळीच्या सुमाराला वाहिनीने मालिकेचा अचानक गाशा गुंडाळला. कुणाचंच धड काही झालं नाही, सगळे एका फोटोत हसत उभे राहिले आणि संपलं.

“आता केसरजींना काय सांगू?” त्या संध्याकाळी मधुमती म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी तिने सरळ पुढचा भाग सांगितला. मनाचा. मग तो नादच लागला. रिक्षात बसल्यावर ती विचारायची, “अहो, सासऱ्याला अर्धांगवायू देऊ का?” गोविंद म्हणायचा, “देऊन टाक.” ती खुदकन हसायची. त्या हसण्यासाठी गोविंदने अख्ख्या खानदानाला अर्धांगवायू दिला असता.

बाकी वर्षात हसण्यासारखं काही नव्हतं. गोविंदची किडनी जुळली नाही. जूनच्या उन्हात दिवसाला दोन पेले पाणी, तेही मोजून. सुया टोचायची हातावरची शीर दोनदा बंद पडली. पावसाळ्यात छातीत पाणी झालं. डॉक्टर आता ‘बरं होईल’ म्हणत नव्हते, ‘चालू ठेवू’ म्हणत होते.

आज सकाळी अर्धा कप चहा पिऊन मधुमतीने कप खाली ठेवला. “आजचं शेवटचं,” ती म्हणाली. “ह्यापुढे मी जायची नाही.”

“म्हणजे?” गोविंदने विचारलं. त्याला नीट कळलं होतं.

“सुया टोचून घ्यायच्या, घरी येऊन मेल्यासारखं पडायचं, उठून परत जायचं. कशासाठी, सांगा.”

गोविंदने चौतीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढली होती. मरणाची भीती घालून त्याने शेकडो लोकांना पटवलं होतं. जगण्यासाठी कुणाला पटवायची वेळ कधी आलीच नव्हती. तो रिक्षा बोलवायला उठला. वाटभर त्याला स्वतःचाच राग येत राहिला.

आणि आता तिने प्रणितालाही मारलं होतं. जाण्याआधी ती मागचं सगळं आवरून ठेवत होती. गोविंदला रडू यायला लागलं. त्याने पेपर तोंडासमोर धरला.

“कैसे मरी?” बऱ्याच वेळाने केसरबाईंनी विचारलं.

“सास ने कुएँ में ढकेल दिया. खतम.”

“लाश मिली?”

मधुमतीने डोळे उघडले. “नहीं… मतलब, कुआँ बहुत गहरा है.”

केसरबाई छताकडे बघत होत्या. “बाईसा, मुझे सब मालूम है,” त्या म्हणाल्या. “सीतला माता के मेले में पोती से कहा, मोबाइल में ढूँढ, मुझे उस छोरी की शकल देखनी है. उसने ढूँढा. नाटक तो होली पर ही बंद हो गया था.”

“तो फिर इतने महीने…”

“इतने महीने आपका सुना. मेले के बाद मैं भी यहाँ आना छोड़ने वाली थी. पर आप हर बार आगे का कुछ बाकी रख देती थीं.”

मशीन घरघरत राहिलं. टेक्निशियन येऊन दोघींचा रक्तदाब बघून गेला. तो लांब गेल्यावर केसरबाई ठाम आवाजात म्हणाल्या, “लाश नहीं मिली, तो मरी नहीं. परसों आना. आगे का मैं सुनाऊँगी.”

चार तासांनी सुया निघाल्या. पट्टी बांधून झाली. गोविंदने तिला धरून रिक्षात बसवलं. ती राखेसारखी पांढरी पडली होती. दर वेळी पडायची तशीच. काही विचारायचा गोविंदला धीर होईना. गोपालपुऱ्याचा चौक आला. क्लास सुटलेल्या पोरांच्या गर्दीत रिक्षा अडकली. मधुमती मान टेकून, डोळे मिटून बसली होती. झोपली असेल असं समजून त्याने तिच्या अंगावरची शाल सारखी केली.

“अहो,” ती डोळे न उघडताच म्हणाली, “प्रणिताला पोहता येत नाही, हेसुद्धा त्या बाईला माहीत नाही. परवा गेल्या गेल्या आधी तेवढं सांगायला हवं.”