स्पीकरवरची बोटं

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी केंद्राच्या, परवान्याचा लेखी पेपर वहिनीला सोपा गेला. धास्ती होती टिंब-रेघांच्या मोर्स संकेतांची. परीक्षकांनी हेडफोन पुढे केला, तो तिने बाजूला सारला. “साहेब, मला ऐकू येत नाही. स्पीकर लावा, बोटांनी वाचते.” साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं, चष्मा पुसला, पुन्हा चाळलं. तिला शिकवणारी नणंद मी, दाराआडून बघत होते. शेवटी तिला ओठ दिसावेत म्हणून पुढे झुकून ते म्हणाले, “संदेश उतरवून घ्यावा, एवढंच लिहिलंय. कानांनीच घ्यावा असं कुठे म्हटलंय?” शिलाई मशीनवर मुरलेली बोटं तिने स्पीकरवर टेकवली, दुसरा हात अक्षरामागून अक्षर लिहीत गेला. कागद तपासून साहेब हसले. बाहेर येऊन वहिनी इतक्या मोठ्यांदा “पास!” असं ओरडली, की व्हरांडाच दचकला. एरवी मी हळू बोलायची खूण करते. आज मीही ओरडले.