तेरावा नंबर

घड्याळजीने तीस वर्षांत जुन्या व्हिस्कीच्या बारा बाटल्या जमवल्या होत्या. त्या अंधाऱ्या कपाटात ताठ उभ्या असत. दर सहा महिन्यांनी तो एकेका बाटलीच्या मानेखाली हात घालून तिला हळूच आडवी करी, दहापर्यंत मोजी आणि पुन्हा उभी करी. बूच सुकून तडकलं की जपलेलं सगळं उडून जातं, असं तो म्हणे.

"मला कधी एवढं जपलंत का हो?" बायको टोमणा मारायची.

"तुझा नंबर तेरावा," तो हसायचा.

त्याला जाऊन वर्ष झालं. "आई, विकून टाक. आपल्यात पिणारं आहे कोण?" असं म्हणून मुलीने गिऱ्हाईकही ठरवलं. ते आज चारला येणार होतं.

साडेतीनला बायकोने पुसायला म्हणून कपाट उघडलं. वर्षाची धूळ जशीच्या तशी होती. पण पहिल्या बाटलीच्या गळ्यात बारीक बुडबुडे चढत होते, आत्ताच कुणी आडवी करून उभी केल्यासारखे. मग दुसरीत चढले. मग तिसरीत.

"अहो," ती पलंगाच्या काठावर बसत म्हणाली, "त्या आज जाणार आहेत. मला तरी कुठे बरं वाटतंय?"

बाराव्या बाटलीतले बुडबुडे निवले.

तिच्या मानेखाली एक गार हात आला. तिने मान सैल सोडली. हाताने तिला हळूच आडवं केलं आणि कानाशी ओळखीचा आवाज मोजू लागला.

दारावरची घंटा वाजली.

"नऊ," आवाज म्हणाला. "दहा. अकरा."