या महिन्याची कादंबरी

आमच्या बुक क्लबची या महिन्याची कादंबरी मीच निवडली. त्यातली बाई मारकुट्या नवऱ्याला सोडून जाते. क्लबातल्या टिफनीसाठीच निवडलेली, पण कुणाला बोललो नव्हतो. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये जमलो. टिफनी आली नाही. तिचा नवरा जेन्सन आला, आठ दिवस मासेमारीच्या बोटीवर राहून त्याच सकाळी घरी परतलेला, हातात तीच कादंबरी. "ही कुणी निवडली?" त्याने दारातूनच विचारलं. आग्नेस टीचर म्हणाल्या, "बस रे बाळा, चहा घे." "चहा नको, टीचर. नाव सांगा." मीच हात वर केला. तो माझ्यासमोर आला. मी डोळे मिटले. थप्पड काही बसली नाही. उघडून बघतो, तर त्याने पुस्तक माझ्यापुढे धरलं होतं. "टिफनी हे उशीवर ठेवून गेलीय. मला एवढं वाचता येत नाही. शेवटी ती बाई परत येते का?"